शब्द कोणाबद्दल बोलतोय, ते आधी बघा

या महिन्याच्या टपालातल्या बहुतेक शंका एकाच ठिकाणी अडलेल्या आहेत: इंग्रजीत विशेषण कुठे घालायचं, क्रियाविशेषण कुठे, आणि शब्दाच्या शेवटी ‘ली’ लावायचं की नाही. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडी आखडली आहेत आणि नेहमीप्रमाणे नावं छापलेली नाहीत.

रावेर तालुक्यातून एक वाचक लिहितात: मॅडम, मी केळीच्या पॅक हाऊसमध्ये ऑफिसचं काम बघते. बी.कॉम. केलंय, पण शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं. माल बाहेर देशात जातो, त्यामुळे मेल इंग्रजीतच लिहावे लागतात. मागच्या आठवड्यात मी लिहिलं, ‘द बनानाज वेअर पॅक्ड केअरफुल. प्लीज कीप द कंटेनर कूली. रिप्लाय अर्जंट.’ आमचे साहेब म्हणाले, तीन वाक्यांत तीन चुका आहेत. कोणत्या ते मात्र त्यांनाही सांगता आलं नाही. ‘ली’ कधी लावायचं याचा एक पक्का नियम सांगा ना.

उत्तर: तुमच्या पहिल्या दोन चुका एकमेकींच्या बरोबर उलट आहेत. ‘केअरफुल’ला ‘ली’ हवं होतं, ते लावलं नाही. ‘कूल’ला नको होतं, तिथे लावलं. म्हणजे ‘ली’ नावाचं काहीतरी असतं हे तुम्हाला ठाऊक आहे, ते कुठे बसतं एवढंच नक्की नाही. मराठी माध्यमातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं असंच होतं आणि त्याला कारण आहे.

‘चांगला घड’ म्हणा आणि मग ‘घड चांगला वाढलाय’ म्हणा. पहिल्या ठिकाणी ‘चांगला’ घडाबद्दल सांगतो, दुसऱ्या ठिकाणी वाढण्याबद्दल. शब्द तोच. ‘छान केळी’ आणि ‘केळी छान पिकली’ यातही तेच. एकच रूप दोन्हीकडे चालतं, त्यामुळे आपल्या कानाला इथे काही बदललं असं वाटतच नाही. इंग्रजीत बदलतं. ‘अ गुड बंच’, पण ‘द बंच हॅज ग्रोन वेल’. शाळेत आपल्याला विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्या व्याख्या पाठ करायला लावतात, मार्क मिळतात आणि मेल लिहायला बसलं की त्या व्याख्या उपयोगी पडत नाहीत. म्हणून व्याख्या बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: हा शब्द कोणाबद्दल बोलतोय? वस्तूबद्दल, माणसाबद्दल असेल तर विशेषण. काम कसं झालं याबद्दल असेल तर क्रियाविशेषण.

आता तुमचं पहिलं वाक्य घ्या. काळजी कशात होती? केळ्यांत नाही, भरण्यात. म्हणून ‘पॅक्ड केअरफुली’. तुम्ही म्हणाल, आधी ‘वेअर’ आहे आणि ‘टू बी’नंतर विशेषण येतं असं शिकवलंय. बरोबर शिकवलंय, पण इथे क्रियापद नुसतं ‘वेअर’ नाही, ‘वेअर पॅक्ड’ आहे. ‘द बनानाज वेअर फ्रेश’ म्हणाल तेव्हा ताजेपणा केळ्यांचा, तिथे ‘फ्रेशली’ चालणार नाही.

दुसरं वाक्य. रीफर म्हणजे आतून थंड ठेवलेल्या कंटेनरमध्ये केळी साधारण 13 ते 14 अंश सेल्सिअसला ठेवतात, त्याहून फार खाली गेलं की साल काळवंडते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मग थंड कोण राहायचं? कंटेनर. म्हणून ‘प्लीज कीप द कंटेनर कूल’. ‘कूली’ म्हटलं की ते ठेवणाऱ्या माणसाच्या वागण्याबद्दल होतं. शांतपणे, काहीसं तुटकपणे ठेवा असा त्याचा अर्थ निघतो. ‘कीप’, ‘मेक’, ‘लीव्ह’, ‘फाइंड’ या क्रियापदांशी असं बऱ्याचदा घडतं. ‘कीप द बॉक्सेस ड्राय.’ खोके कोरडे, ठेवणं कोरडं नव्हे.

तुमच्याच धंद्यातलं एक वाक्य मला फार आवडतं: ‘द बनानाज अराइव्ह्ड ग्रीन.’ निर्यातीचा माल हिरवाच पोचला पाहिजे, तिकडे गेल्यावर तो पिकवतात. इथे क्रियापद पोचण्याचं आहे, तरी शब्द विशेषण आहे, कारण पोचताना केळी कशी होती ते सांगायचंय. त्याच मालाबद्दल ‘द कंटेनर अराइव्ह्ड सेफली’ असंही लिहिता येतं, कारण तिथे पोचणं कसं झालं ते सांगायचंय. दोन्ही बरोबर. क्रियापद दिसलं की डोळे मिटून ‘ली’ लावणाऱ्यांनी ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून टेबलावर चिकटवावीत.

तिसरं वाक्य ‘रिप्लाय अर्जंटली’ केलं तर व्याकरण सुधारेल, पण ऐकणाऱ्याला हुकूम सोडल्यासारखं वाटेल. ‘वुई नीड अ रिप्लाय बाय टुमॉरो’ लिहा. ‘अर्जंट’च हवा असेल तर ‘धिस इज अर्जंट’. आपल्याकडे अर्जंट हा शब्द इतका रुळलाय की तो कुठेही बसतो असं वाटतं, फोटोवाल्यापासून टायरवाल्यापर्यंत सगळीकडे अर्जंटच असतं. परदेशातला खरेदीदार मात्र ते तसं ऐकत नाही.

आणि साहेबांना सांगा, तीन चुका सापडल्या तर तीन दुरुस्त्याही सांगाव्या लागतात. मराठी माध्यमातून शिकून तुम्ही परदेशी खरेदीदारांना मेल लिहिता, याचा मला खरंच अभिमान वाटला.

शिरपूरहून नर्सिंगची विद्यार्थिनी विचारते: वॉर्डमध्ये नोट्स लिहिताना गोंधळ होतो. ‘पेशंट इज फीलिंग बॅडली’, ‘पेशंट लुक्स वीकली’ असं मी लिहिलं तर सिस्टर हसल्या. क्रियापदानंतर क्रियाविशेषण येतं ना? आणि ‘पेशंट इज गुड’ की ‘वेल’?

उत्तर: अगं, तुझा तर्क चुकीचा नाही, फक्त इंग्रजीतली काही क्रियापदं कामाची नसतात. ती नुसती जोडायची असतात. ‘लुक’, ‘फील’, ‘सीम’, ‘साउंड’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘बिकम’ ही त्यातली. पेशंट अशक्त दिसतो म्हणजे पेशंट काही करत नाही. तू त्याच्याकडे बघतेस आणि त्याची अवस्था सांगतेस. अवस्था पेशंटची, म्हणून ‘द पेशंट लुक्स वीक’. शिवाय ‘वीकली’ हे ऐकायला दर आठवड्याच्या ‘वीकली’सारखंच, वॉर्डात तर ते अजिबात नको.

ओळखायची एक सोपी युक्ती आहे. क्रियापद काढून त्या जागी ‘इज’ ठेव. ‘द पेशंट इज वीक’, अर्थ टिकला. म्हणजे विशेषण. आता हे वाक्य बघ: ‘द नर्स लुक्ड केअरफुली ॲट द वूंड.’ इथे ‘इज’ ठेवलंस तर ‘नर्स जखमेपाशी आहे’ असं काहीतरी होतं, अर्थ गेला. कारण इथे ‘लुक’ हे खरंखुरं बघण्याचं काम आहे. एकच क्रियापद, एकदा जोडणारं आणि एकदा काम करणारं. स्वयंपाकघरातही हेच. भरताची वांगी काड्यांवर भाजताना जो वास सुटतो त्याला ‘इट स्मेल्स डिलिशस’ म्हणायचं, ‘डिलिशसली’ नाही. भरीत काही हुंगत बसत नाही.

‘गुड’ आणि ‘वेल’चं इतरांनीही नीट वाचावं. ‘वेल’ हे बहुतेक वेळा ‘गुड’चं क्रियाविशेषण असतं: ‘द वूंड इज हीलिंग वेल’, भरून येणं चांगलं चाललंय. पण तब्येतीबद्दल बोलताना ‘वेल’ स्वतः विशेषण होतं: ‘द पेशंट इज वेल’, बरा आहे. ‘द पेशंट इज गुड’ लिहिलंस तर पेशंट स्वभावाने भला आहे असं वाचलं जाईल. तुझ्या वॉर्डातली आजी ‘आते बरं वाटी राह्यनं’ म्हणाली तर ‘शी इज फीलिंग बेटर’ लिही. हे ‘बेटर’ म्हणजे या ‘वेल’चंच पुढचं रूप. ‘मोअर बेटर’ कधीही लिहू नकोस, ‘बेटर’मध्ये ‘मोअर’ आलंच.

‘फीलिंग बॅडली’ ऐवजी खरं तर ‘बॅड’सुद्धा लिहू नकोस. नोटमध्ये काय होतंय ते लिही: ‘ही फील्स डिझी’, ‘ही लुक्स पेल’, ‘ही इज ब्रीदिंग रॅपिडली’, ‘हिज ब्रीदिंग इज रॅपिड’. शेवटची दोन वाक्यं एकच गोष्ट सांगतात. एकात श्वास घेण्याची क्रिया आहे म्हणून ‘रॅपिडली’, दुसऱ्यात श्वास हे नाम आहे म्हणून ‘रॅपिड’. नाइट ड्यूटी संपल्यावर सकाळी चार्ज घेणाऱ्या डॉक्टरला हे शब्द वाचून निर्णय घ्यायचा असतो. म्हणून तुझ्या शंकेला मी जास्त जागा दिली.

भुसावळहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे वाचक: मुलाखतीत मी ‘आय हॅव वर्क्ड हार्डली’ म्हणालो. समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काय चुकलं?

उत्तर: तुम्ही सांगितलंत की मी जवळपास कामच केलं नाही. ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, नाहीच म्हणा. कष्ट केले असतील तर ‘आय हॅव वर्क्ड हार्ड’. ‘हार्ड’ हे विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही, रूप तेच. ‘फास्ट’चंही तसंच, ‘फास्टली’ असा शब्द नाही.

अशा आणखी जोड्या आहेत आणि त्या पाठच कराव्या लागतात. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘निअर’ म्हणजे जवळ, ‘निअरली’ म्हणजे जवळजवळ: ‘आय निअरली मिस्ड द ट्रेन’, गाडी चुकता चुकता राहिली. ‘हाय’ म्हणजे उंच, ‘हायली’ म्हणजे अतिशय. ‘शॉर्टली’ तर तुमच्या जंक्शनवर रोज कानावर पडतं, ‘अरायव्हिंग शॉर्टली ऑन प्लॅटफॉर्म नंबर...’ म्हणजे थोड्याच वेळात. आखूडपणाशी त्याचा संबंध उरलेला नाही. पुढच्या मुलाखतीला ‘हार्ड’ एवढा एक शब्द नीट घेऊन जा. कष्ट तुम्ही केलेले आहेत, ते सांगताना उलटे सांगितले जायला नकोत.

चाळीसगावहून मालट्रक चालवणारे वाचक: कन्नड घाटातून माझी नेहमीची ये-जा असायची. घाटात ‘गो स्लो’ लिहिलेलं असतं. मुलगी दहावीला आहे, ती म्हणते पप्पा हे चूक आहे, ‘गो स्लोली’ पाहिजे. सरकारचा बोर्ड चुकीचा कसा असेल?

उत्तर: भाऊ, बोर्ड बरोबर आहे आणि मुलीने शंका काढली हेही बरोबर आहे. तिला शाबासकी द्या, मग पुढचं वाचून दाखवा.

जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी ‘ए’सारखा एक हलका स्वर जोडून क्रियाविशेषण करत. कालांतराने हा स्वर बोलण्यातून गळाला आणि दोन्ही रूपं एकसारखी झाली. ‘फास्ट’ आणि ‘हार्ड’ची दोन्ही रूपं त्यामुळेच सारखी आहेत. दुसरी पद्धत शेवटी ‘लिचे’ जोडण्याची, त्यातून आजचं ‘ली’ आलं. बरीच शतकं दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदल्या. पुढे अठराव्या शतकात व्याकरणकारांनी घडी बसवायला घेतली. 1762 साली रॉबर्ट लोथ यांचं इंग्रजी व्याकरण निघालं, त्यात विशेषण क्रियाविशेषणासारखं वापरणं त्यांनी अयोग्य ठरवलं. चुकीचे नमुने दाखवताना शेक्सपिअरलाही सोडलं नाही. तेव्हापासून शाळेच्या पुस्तकात ‘ली’चं वजन वाढलं. ‘स्लो’सारखे काही शब्द मात्र बोलण्यात आणि पाट्यांवर टिकले, खासकरून ‘गो’ आणि ‘ड्राइव्ह’सोबत. आजचे मोठे शब्दकोशही ‘स्लो’ला क्रियाविशेषण म्हणून नोंदवतात.

घाटातल्या पाटीला आणखी एक सोय आहे. वळणावर असताना वाचायला क्षणभरही मिळत नाही, दोन छोटे शब्द मोठ्या अक्षरांत बसतात. दहावीच्या पेपरात मात्र ‘स्लोली’च लिहायला सांगा. परीक्षक पुस्तकाप्रमाणे मार्क देतो.

धुळ्याहून एक वाचक: शब्द बरोबर असतो, पण जागा चुकते असं मुलगा म्हणतो. ‘आय स्पीक वेल इंग्लिश’, ‘आय लाइक व्हेरी मच शेवभाजी’. यात काय बिघडलं?

उत्तर: मुलगा बरोबर आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि कसं, किती हे त्याच्या आधी: ‘मला शेवभाजी खूप आवडते.’ आपण इंग्रजीतही तो शब्द क्रियापदालाच चिकटवतो. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये काही घुसवायचं नाही. ‘आय स्पीक इंग्लिश वेल.’ ‘आय लाइक शेवभाजी व्हेरी मच.’ ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘ऑफन’ ही मंडळी मुख्य क्रियापदाच्या आधी बसतात, ‘ही ऑलवेज कम्स लेट’. पण ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’च्या नंतर, ‘ही इज ऑलवेज लेट’.

‘ओन्ली’बद्दलही सांगून ठेवते. ‘कालच आलो’ यातला ‘च’ आपण शेवटी चिकटवतो: ‘आय केम यस्टरडे ओन्ली.’ आपल्या देशात सगळ्यांना कळतं, धुळ्यात तर नक्कीच. बाहेरच्या माणसाला ‘आय ओन्ली केम यस्टरडे’ ऐकायची सवय असते. आणि ‘टू’ म्हणजे ‘व्हेरी’ नव्हे. ‘टू’ म्हणजे नको इतकं. मे महिन्यात ‘इट इज टू हॉट टू गो आउट’ म्हणा, तिथे तो शब्द शोभतो. पाहुण्यांच्या शेवभाजीला ‘टू स्पायसी’ म्हणालात तर त्यांना तुम्ही नाव ठेवलंत असं होईल.

नंदुरबारहून मिरचीचे व्यापारी: कॅटलॉगमध्ये ‘इंडियन रेड लाँग चिलीज’ की ‘रेड लाँग इंडियन’?

उत्तर: दोन्ही नाही. ‘लाँग रेड इंडियन चिलीज.’ आधी आकार, मग रंग, मग मूळ ठिकाण. आपलं मत सांगायचं असेल तर ते सगळ्यांच्या पुढे: ‘फाइन लाँग रेड इंडियन चिलीज’. मात्र चार विशेषणांच्या वर जाऊ नका. पथारीवर वाळणाऱ्या त्या लाल मिरचीचा एक चांगला फोटो लावा, दोन विशेषणं कमी लागतील.

धडगाव भागातील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक: 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, पण आमच्या मुलांची घरची बोली पावरी. मराठी हीच त्यांना शिकावी लागते, इंग्रजी तर तिसरी भाषा. चौथीच्या वर्गाला हे ‘ली’ प्रकरण कसं शिकवू? ‘फ्रेंडली’ हे क्रियाविशेषण आहे असं मुलांनी लिहिलं, कारण मीच ‘ली’ म्हणजे क्रियाविशेषण सांगितलं होतं.

उत्तर: गुरुजी, नियम सांगण्याआधी करून दाखवा. दोन मुलं पुढे बोलवा. एकाला म्हणा ‘वॉक स्लोली’, दुसऱ्याला ‘वॉक क्विकली’. मग ‘टॉक सॉफ्टली’, ‘टॉक लाउडली’. हे सगळं अंगाने करता येतं, चालून, बोलून, दार लावून. मग हातात कैरी द्या आणि विचारा, ‘हाउ डझ इट टेस्ट?’ ‘सावर!’ इथे कोणी काही करत नाही, कैरीच आंबट आहे. ‘करून दाखवता येतं का?’ एवढा एक प्रश्न मुलांना पुरतो. येत असेल तर ‘ली’ची शक्यता. पावरीत विचारलात तरी चालेल, किंबहुना तसंच विचारा. ज्या भाषेत मूल विचार करतं, तिच्यात त्याला फरक आधी उमगला पाहिजे. इंग्रजीचा तास म्हणून पावरी वर्गाबाहेर ठेवणं मला कधीच पटलेलं नाही.

आता ‘फ्रेंडली’. तुमच्यासाठी सांगते, मुलांना एवढं लागणार नाही. ‘ली’ मागे कोणता शब्द आहे ते पाहायचं. मागे विशेषण असेल, ‘स्लो’, ‘केअरफुल’, ‘सॉफ्ट’, तर बनतं क्रियाविशेषण. मागे नाम असेल, ‘फ्रेंड’, ‘मदर’, ‘कॉस्ट’, तर बनतं विशेषण: ‘अ फ्रेंडली डॉग’, ‘अ कॉस्टली पेन’. हा ‘ली’ आणि ‘लाइक’ हे इंग्रजीत एकाच मुळातून आलेले आहेत, म्हणून ‘फ्रेंडली’ म्हणजे मित्रासारखा. ‘फ्रेंडली’ला आणखी ‘ली’ लावत नाहीत. मैत्रीने बोलला म्हणायचं तर ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली वे’. अपवाद आहेतच: ‘लोनली’, ‘डेडली’ यांच्या मागे विशेषण असूनही ती विशेषणंच राहतात. ‘डेली’ दोन्हीकडे चालतं, ‘अ डेली बस’ आणि ‘द बस कम्स डेली’.

फळ्यावर यांची यादी लिहून पाठ करून घेऊ नका. चौथीला ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ एवढे दोनच द्या, वाक्यासकट. बाकीचे पाचवीच्या वर्षी, धडे वाचताना जसे भेटतील तसे.